ब्रेडीचा डॉक्टर आणि तुमच्या मुलाचा गुडघा

प्रश्न: आम्ही टेक्ससमध्ये, डॅलसजवळ फ्रिस्कोला राहतो. मुलगा सोळा वर्षांचा, अकरावीत आहे आणि शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात कॉर्नरबॅक, म्हणजे समोरच्या संघाच्या बॉल झेलणाऱ्याला रोखणारा बचावपटू म्हणून खेळतो. ऑक्टोबरच्या पहिल्या शुक्रवारी सामन्यात वळताना त्याच्या गुडघ्यात टक्‌कन आवाज आला आणि तो खाली बसला. एमआरआयमध्ये एसीएल (गुडघ्याच्या आतलं, हाडांना जोडून धरणारं लिगामेंट) पूर्ण तुटलेलं आणि बाहेरच्या बाजूच्या मेनिस्कसला (हाडांमधल्या कूर्चेच्या गादीला) चीर असं आलं. इथल्या सर्जननी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख दिली आहे. माझे मिस्टर म्हणतात, फुटबॉलपटू टॉम ब्रेडीचा गुडघा करणाऱ्या लॉस एंजेलिसच्या डॉक्टरकडे, नाहीतर अलाबामाच्या डॉ. अँड्र्यूजकडेच जायचं, कर्ज काढावं लागलं तरी चालेल. मुलगा म्हणतो, फुटबॉलपटू एड्रियन पीटरसन असाच गुडघा घेऊन आठ महिन्यांत परतला, मीही ऑगस्टात मैदानावर असेन. पुण्याचे माझे दीर म्हणतात, इकडे घेऊन या, कितीतरी स्वस्तात होईल. शिवाय डिसेंबरात पुतणीच्या लग्नाची पुण्याची तिकिटं आम्ही आधीच काढली आहेत. मी कुणाचं ऐकू?

उत्तर:

ताई, आधी एक बातमी, जी तुमच्या मिस्टरांपर्यंत पोहोचलेली दिसत नाही. डॉ. जेम्स अँड्र्यूज 2024 च्या सुरुवातीला निवृत्त झाले. अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या केंद्राच्या पाटीवर नाव त्यांचंच आहे, फ्लोरिडात गल्फ ब्रीझला त्यांच्या नावाची संस्थाही आहे. पण तिथे तारीख मिळाली तरी गुडघा दुसरंच कुणी करणार. राहता राहिले लॉस एंजेलिसचे डॉ. नील एलाट्राश. 2008 मध्ये ब्रेडीचा गुडघा त्यांनी केला आणि 2023 मध्ये फुटबॉलपटू अ‍ॅरन रॉजर्सचं टाचेमागचं अकिलीस टेंडनही त्यांनीच शिवलं. माणूस नावाप्रमाणेच मोठा आहे. तरीही तुमच्या मुलासाठी विमान पकडायची गरज मला दिसत नाही. ती का नाही आणि ते पैसे, ती धावपळ कुठे लावायची, ते सांगते. एमआरआय मी पाहिलेला नाही, त्यामुळे मुलाला हात लावून तपासणाऱ्या डॉक्टरांचा शब्द माझ्या शब्दाच्या वर.

मुलाने पीटरसनचं नाव घेतलंच आहे, तर तीच गोष्ट पुरती बघू. 24 डिसेंबर 2011 ला त्याच्या डाव्या गुडघ्याचं एसीएल आणि आतल्या बाजूचं एमसीएल, दोन्ही लिगामेंट गेली. सहाव्या दिवशी अँड्र्यूजनी शस्त्रक्रिया केली. 2012 च्या सीझनच्या पहिल्याच सामन्यात तो उतरला आणि त्या वर्षी बॉल घेऊन 2,097 यार्ड धावला. एरिक डिकरसनच्या 1984 मधल्या 2,105 यार्डांच्या विक्रमापेक्षा फक्त आठ कमी. इथवर सगळ्यांना पाठ असतं. आता त्याच्या पुढच्याच वर्षीचा दुसरा गुडघा बघा. 6 जानेवारी 2013 ला वॉशिंग्टनचा रॉबर्ट ग्रिफिन सिएटलविरुद्ध कोसळला. उजवा गुडघा, बाहेरचं एलसीएल लिगामेंट आणि एसीएल. हे एसीएल 2009 मध्ये, कॉलेजात असताना एकदा तुटून पुन्हा बसवलेलं होतं. 9 जानेवारीला शस्त्रक्रिया झाली. सर्जन तेच अँड्र्यूज. तोही आठ महिन्यांत, सीझनच्या पहिल्या सामन्याला हजर झाला. आदल्या वर्षी सर्वोत्तम नवोदित आक्रमक खेळाडू ठरलेला तो ग्रिफिन मात्र पुन्हा कधी तसा दिसला नाही.

हात तेच, परतायचा कालावधीही जवळपास तोच. फरक होता तो गुडघ्यात: पहिलीच दुखापत की दुसरी, आतलं काय काय तुटलं होतं, आणि माणूस कशाच्या जोरावर खेळतो. पीटरसन अपवाद म्हणून लक्षात राहतो. एसीएल तुटलेल्या एनएफएल, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या खेळाडूंचा 2010 मध्ये छापून आलेला एक अभ्यास आहे. त्यातल्या 49 जणांपैकी 31 जण सामन्यात परतले, म्हणजे 63 टक्के, आणि त्यांना सरासरी 10.8 महिने लागले. हे सगळे देशातल्या उत्तमातल्या उत्तम हातांखालून गेलेले लोक होते.

ब्रेडीचंही अर्धंच सांगितलं जातं. त्याची दुखापत 7 सप्टेंबर 2008 ची आणि शस्त्रक्रिया 6 ऑक्टोबरची, म्हणजे तब्बल महिनाभराने. त्यानंतर गुडघ्यात जंतुसंसर्ग झाला आणि आतून धुण्यासाठी पुन्हा दुर्बीण घालावी लागली. यात सर्जनवर ठपका ठेवण्यासारखं काही नाही. शंभरात एखाद्याला होणारी ही गोष्ट कुणालाही होते, ब्रेडीलासुद्धा. पण तुम्हाला विचारायला एक चांगला प्रश्न मिळाला: ‘ग्राफ्ट बसवण्याआधी व्हँकोमायसिनच्या द्रावणात बुडवून ठेवता का?’ (ग्राफ्ट म्हणजे तुटलेल्या एसीएलच्या जागी बसवायचा टेंडन, स्नायू हाडाला जोडणारा पट्टा. व्हँकोमायसिन हे प्रतिजैविक.) या साध्या उपायाने संसर्गाचं प्रमाण बरंच खाली येतं आणि आता अनेक ठिकाणी तो सर्रास करतात. तुमच्या फ्रिस्कोतल्या डॉक्टरांना जरूर विचारा.

स्टार सर्जनचं नाव कसं होतं, तेही एकदा समजून घ्या. एनएफएलच्या खेळाडूंना करारानेच हक्क आहे की दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यावं आणि सर्जन आपल्या पसंतीचा निवडावा. बिल क्लबच्या गळ्यात. त्यामुळे अवघड गुडघे, खांदे, पावलं ठरावीक चार-पाच दारांशी जातात आणि त्या डॉक्टरांचा अनुभव खरोखरच वाढतो. पण त्या खेळाडूचा एमआरआय दुखापतीच्या दुसऱ्या दिवशी झालेला असतो, फिजिओ रोज समोर उभा असतो, जेवण मोजून येतं आणि गणिताचा पेपर नसतो. आठ महिन्यांचं श्रेय सर्जनला मिळतं, घाम फिजिओच्या खोलीत गळलेला असतो. जाता जाता हेही सांगते की, ‘अमुक संघाचे अधिकृत डॉक्टर’ ही पाटी दर वेळी गुणवत्तेवरच मिळते असं नाही. अमेरिकेत अशा पाटीसाठी हॉस्पिटलं संघांना प्रायोजक म्हणून पैसे मोजतात.

मग मोठ्या नावाकडे जायचंच नाही का? जायचं, गुडघा तसा असेल तर. एकदा केलेलं एसीएल पुन्हा तुटलं, एका वेळी तीन-चार लिगामेंट गेली, कूर्चेचा मोठा तुकडा निघाला, आधीच्या शस्त्रक्रियेत ग्राफ्टसाठी हाडात पाडलेले बोगदे चुकीच्या जागी पडलेत: अशा केसेस वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या करणाऱ्याकडे देऊ नयेत. फुटबॉलपटू ड्रू ब्रीजचा खांदा 2005 च्या शेवटच्या सामन्यात निखळला, तेव्हा सांध्याभोवतीची लॅब्रमची कड गोल फाटली होती आणि खांदा फिरवणाऱ्या स्नायूंच्या रोटेटर कफलाही इजा होती. अँड्र्यूजनी ती शिवायला हाडात रुतवायचे अकरा अँकर वापरले. तसला खांदा गावातल्या डॉक्टरने रोज बघितलेला नसतो. पहिल्यांदा तुटलेलं एसीएल आणि सोबत मेनिस्कसची चीर मात्र स्पोर्ट्‌स सर्जनच्या रोजच्या कामातली गोष्ट आहे.

आणखी एक. ही मोठी केंद्रं शिकवणारी आहेत. लॉस एंजेलिसची कर्लन-जोब, बर्मिंगहॅम, कोलोरॅडोतलं व्हेल: दर वर्षी तिथून नव्या सर्जनांची एक तुकडी वर्षभराची फेलोशिप, म्हणजे खास विषयाचं प्रशिक्षण करून बाहेर पडते आणि देशभर पांगते. तुमच्या सर्जनची माहिती हॉस्पिटलच्या साइटवर उघडा आणि फेलोशिप कुठली ते बघा. उलट, मोठ्या डॉक्टरकडे गेलात तर तिथेही टाके घालणारा, ग्राफ्ट तयार करणारा बहुतेक वेळा फेलोच असतो. त्यात गैर काही नाही. ‘बोगदे कोण पाडणार?’ हे मात्र दोन्हीकडे सरळ विचारावं. चांगला सर्जन या प्रश्नाने चिडत नाही. चिडलाच तर ते उत्तरच समजा.

आता तुमच्या सर्जनला विचारायच्या खऱ्या गोष्टी.

पहिली, वाढ. सोळा वर्षांच्या मुलाच्या हाडांच्या टोकाशी वाढीच्या चकत्या अजून उघड्या असू शकतात. डाव्या हाताच्या एक्स-रेवरून हाडांचं वय काढतात. उंची अजून वाढत असेल तर हाडाचा तुकडा असलेला ग्राफ्ट त्या चकतीतून आरपार बसवता येत नाही, पाय वाकडा किंवा आखूड राहण्याचा धोका असतो. चकत्या बंद झाल्या असतील तर मोठ्या माणसाचे सगळे पर्याय मोकळे. हा एक्स-रे काढला नसेल तर तारखेच्या आधी काढून घ्या.

दुसरी, ग्राफ्ट. तुटलेलं एसीएल शिवून सहसा टिकत नाही, त्या जागी दुसरीकडचा टेंडन बसवतात. वाटीखालच्या पटेलर टेंडनचा मधला, साधारण 10 मिलिमीटर रुंदीचा पट्टा, दोन्ही टोकांना हाडाचे तुकडे ठेवून घेतात. एनएफएलच्या संघांचे डॉक्टर बहुतांशी हाच पसंत करतात, कारण हाडाला हाड लवकर जुळतं. तोटा म्हणजे गुडघे टेकून बसताना पुढे दुखतं. पूजेला, सतरंजीवर, वर्षानुवर्षं जाणवू शकतं. मांडीमागच्या हॅमस्ट्रिंगचा ग्राफ्ट घेतला तर तो किती जाड निघाला ते महत्त्वाचं. 8 मिलिमीटरपेक्षा बारीक ग्राफ्ट तरुण खेळाडूंत जास्त तुटतात. म्हणून विचारा, ‘बारीक निघाला तर ऐन वेळी काय करणार?’ याचं उत्तर आधीच ठरलेलं असलं पाहिजे. मांडीच्या पुढच्या क्वाड्रिसेप्स टेंडनचा पर्यायही आता बराच वापरतात, आणि तो वाढीच्या वयातही चालतो. मृत दात्याकडून घेतलेला ग्राफ्ट, म्हणजे अ‍ॅलोग्राफ्ट, कुणी सुचवला तर नको म्हणा. तरुण खेळाडूंत तो स्वतःच्या ग्राफ्टच्या कितीतरी पट जास्त तुटतो. दुखणं कमी, सुरुवातीला बरं वाटणं लवकर, आणि वर्षा-दीड वर्षाने पुन्हा त्याच टेबलावर.

तिसरी, बाहेरची जादा पट्टी. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला मांडीच्या पट्ट्याचा एक बारीक भाग वळवून बसवतात, लॅटरल टेनोडेसिस म्हणतात. 14 ते 25 वयाच्या 618 जणांवर झालेला, 2020 मध्ये छापून आलेला अभ्यास आहे. नुसत्या हॅमस्ट्रिंग ग्राफ्टमध्ये दोन वर्षांत 11 टक्के ग्राफ्ट तुटले, ही पट्टी जोडलेल्यांत 4 टक्के. अभ्यास हॅमस्ट्रिंगवरचा होता, पटेलर ग्राफ्टला तो आकडा जसाच्या तसा लावता येत नाही. पण तुमचा मुलगा सोळा वर्षांचा, वळणाच्या खेळातला, पुन्हा तेच खेळायचं म्हणणारा आहे. गुडघा मागे जास्त वाकणारा असेल किंवा पिव्हट शिफ्ट तपासणीत (पाय वळवून सैलपणा बघतात) जोरात सटकत असेल तर हा प्रश्न विचारायलाच हवा.

चौथी, मेनिस्कस: शिवणार की कापणार? या वयात शक्य तितकं शिवावं. कापलं तर मुलगा लवकर चालायला लागतो आणि चाळिशीच्या आतबाहेर गुडघा झिजल्याची तक्रार सुरू होते. शिवलं तर पहिले चार ते सहा आठवडे वजन टाकण्यावर आणि 90 अंशांच्या पुढे वाकवण्यावर बंधन येतं. बाहेरच्या मेनिस्कसची चीर मागच्या मुळाशी, म्हणजे रूटला आहे का, हे रिपोर्टमध्ये नीट बघून घ्या. मूळ सुटलेलं असेल तर ते हाडाला पुन्हा बांधायला लागतं आणि ते काम सर्जनच्या रोजच्या सरावातलं आहे की नाही, हे विचारणं रास्त आहे. एसीएल वर्षाला किती करता आणि त्यातली या वयाची किती, हेही त्याच दमात विचारून घ्या.

एवढं विचारूनही मन शांत होत नसेल तर लॉस एंजेलिसला मुलाला नेण्याआधी त्याचा एमआरआय पाठवा. लेखी रिपोर्टवर कुणी मत देत नाही. मूळ चित्रांच्या डायकॉम फाइल्स लागतात, सीडीवर किंवा लिंकने. सोबत एक्स-रे आणि तपासणीची नोंद. काही मोठी हॉस्पिटलं कागदोपत्री दुसरं मत देतात, त्याची फी ठरलेली असते आणि विमा बहुधा ती देत नाही. राज्याबाहेरच्या रुग्णाला व्हिडिओवर तपासण्याला परवान्याचे नियम आड येतात, म्हणून फोनवरच आधी विचारा. डॅलस भागातच दुसऱ्या एखाद्या सर्जनचं मत घेणं त्याहून सोपं आणि बरेचदा तितकंच कामाचं.

पैशाचं. सर्जनच्या ऑफिसकडून बिलाचे कोड मागून घ्या. एसीएलचा 29888, मेनिस्कस शिवण्याचा 29882, कापण्याचा 29881. ते हातात घेऊन विमा कंपनीला फोन करा आणि सर्जन, हॉस्पिटल किंवा सर्जरी सेंटर, भूल देणारे डॉक्टर, सहायक, ब्रेस, प्रत्येकाचं वेगळं विचारा. तुमची योजना एचएमओ असेल तर नेटवर्कबाहेर, म्हणजे विमा कंपनीच्या यादीत नसलेल्या डॉक्टरांकडे, आपत्कालीन सोडून काहीच मिळत नाही. पीपीओ असेल तर मिळतं, पण त्यांनी ठरवलेल्या दराच्या काही टक्के. वरचा फरक सर्जन तुमच्याकडून वसूल करू शकतो. 2022 पासून लागू झालेल्या नो सरप्राइजेस कायद्याचा आधार नेटवर्कमधल्या हॉस्पिटलात नकळत बाहेरचा भूलतज्ज्ञ निघाला तर मिळतो. तुम्ही जाणूनबुजून नेटवर्कबाहेरचा सर्जन निवडून संमतीवर सही केलीत तर तो आधार राहत नाही. कर्ज काढायची वेळ इथेच येते. वर विमान, हॉटेल, आणि टाके काढायला, सहाव्या आठवड्याला, तिसऱ्या महिन्याला पुन्हा तेच. दहाव्या दिवशी रात्री ताप आला तर लॉस एंजेलिसचा फोन उचलणारा मुलाचा गुडघा दाबून बघू शकत नाही.

ते पैसे फिजिओसाठी राखून ठेवा. विमा बहुधा वर्षाला ठरावीक भेटीच देतो आणि नेहमीची चूक अशी की त्या पहिल्या चार महिन्यांत संपतात. सहाव्या ते नवव्या महिन्यात, उड्या, वळणं, थांबणं शिकवायची वेळ येते तेव्हा मुलगा एकटा जिममध्ये असतो. तुमची तारीख नोव्हेंबरची आहे, याचा एक फायदा आहे. कॅलेंडर वर्षाची योजना असेल तर जानेवारीत भेटींची मोजणी नव्याने सुरू होते. डिडक्टिबलही, म्हणजे विमा पैसे देऊ लागण्याआधी खिशातून भरायची रक्कमही, नव्याने सुरू होतं, ते धरून चाला. शाळेचे अ‍ॅथलेटिक ट्रेनर परवानाधारक असतात आणि त्यांची फी नसते. सर्जनचा लेखी प्रोटोकॉल पहिल्याच आठवड्यात त्यांच्या हातात द्या.

तारखेपर्यंतचे आठवडे रिकामे समजू नका. सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर एसीएल केलं तर तो आतून चिकटतो आणि नंतर सरळ होता होत नाही. ब्रेडीचा महिना काय किंवा पीटरसनचे सहा दिवस काय, ठरवायचं ते गुडघ्याकडे बघून. तयार गुडघा ओळखायचा असा: सूज जवळपास गेलेली, चाल सरळ, 120 अंशांच्या आसपास वाकतो, पाय सरळ उचलताना गुडघा खाली झुकत नाही, आणि दुसऱ्या पायाइतकाच पूर्ण सरळ होतो. हे शेवटचं घरी मोजता येतं. मुलाला पलंगावर पालथं झोपवा, मांड्या गादीवर आणि गुडघ्याखालचे पाय कडेबाहेर लोंबते. दोन टाचांच्या उंचीत जितके सेंटिमीटर फरक, साधारण तितके अंश गुडघा सरळ व्हायचा बाकी. उपाय म्हणजे टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल, गुडघा अधांतरी, दहा-दहा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. आणि मांडी आवळून पाच सेकंद धरणं. गुडघा अडकून बसत असेल, सरळ होतच नसेल, तर मात्र मेनिस्कसचा तुकडा मध्ये आला असण्याची शक्यता आहे. तेव्हा थांबायचं नाही, लगेच फोन करायचा.

शस्त्रक्रियेनंतर घरोघरी प्रेमापोटी होणारी एक चूक: गुडघ्याखाली मऊ उशी. मुलाला बरं वाटतं आणि गुडघा वाकलेल्या अवस्थेत आखडायला लागतो. उशी टाचेखाली, गुडघ्याखाली कधीच नाही. सहा आठवड्यांनीही शेवटचे चार-पाच अंश सरळ होत नसतील तर ‘होईल हळूहळू’ म्हणू नका. ग्राफ्टच्या पुढे व्रणाचा गोळा तयार होतो, सायक्लॉप्स म्हणतात त्याला, आणि तो काढावा लागतो. दुखणं कमी होण्याऐवजी वाढत गेलं, ताप, गरम लाल गुडघा, जखमेतून पाणी: त्याच दिवशी सर्जन. पोटरी एकाएकी सुजून दुखली तरी तेच. श्वास लागला तर थेट 911.

आता ऑगस्टचं. मुलाला स्पष्ट सांगायला हवं ते असं. बसवलेला टेंडन आधी मरतो, मग त्यात नव्याने रक्तवाहिन्या येतात. सहा ते बारा आठवड्यांच्या सुमारास तो सर्वांत कमकुवत असतो आणि नेमकं तेव्हाच मुलाला वाटतं की आपण ठणठणीत झालो. जिन्यावरून उडी मारायची, कुत्र्यामागे धावायची हीच वेळ. सरळ रेषेत धावणं तीन-चार महिन्यांनी, तेही सूज नसेल आणि मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या सत्तर टक्क्यांपुढे असेल तर. नॉर्वेतल्या आणि अमेरिकेतल्या संशोधकांच्या अभ्यासात असं दिसलं की नऊ महिने पूर्ण होईपर्यंत परतणं जितके महिने लांबवलं, तितकी पुन्हा दुखापतीची शक्यता दर महिन्याला जवळपास निम्मी होत गेली. नऊ महिन्यांनंतर नुसतं थांबून आणखी फायदा दिसत नाही, तिथून पुढे ताकद बोलते. म्हणून नऊ महिने हा दाखला समजायचा नाही, तो परीक्षेला बसायचा कमीत कमी वेळ आहे. परीक्षा म्हणजे मशीनवर मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या किमान 90 टक्के, एका पायावरच्या चारही प्रकारच्या उड्या तितक्याच, आणि मनाच्या तयारीची प्रश्नावली. फिजिओला एक विचारून ठेवा: धडधाकट पायाची ताकद शस्त्रक्रियेच्या आधी मोजून ठेवता का? नऊ महिन्यांत तोही पाय ढिला पडतो, मग ढिल्या पायाशी तुलना करून 90 टक्के सहज भरतात.

नोव्हेंबरच्या मध्यापासून नऊ महिने म्हणजे ऑगस्टचा मध्य. टेक्ससचा हंगाम ऑगस्टअखेर सुरू होतो. कागदावर जमतं, आणि म्हणूनच धोका आहे. 25 वर्षांखालचे जे खेळाडू एसीएलनंतर खेळात परततात, त्यांतल्या जवळपास चौघांतल्या एकाचं एसीएल पुन्हा जातं, त्याच किंवा दुसऱ्या पायाचं. त्यात कॉर्नरबॅकचं काम सर्वांत वाईट. उलटं धावायचं आणि समोरचा रिसीव्हर वळेल तिकडे, त्याने ठरवल्यावर, वळायचं. दिशा आपल्या हातात नसते. माझा सल्ला विचाराल तर ऑगस्टात धक्काबुक्कीशिवायचा सराव, परीक्षा उत्तीर्ण झाल्यास सप्टेंबरात पूर्ण सराव, आणि सामन्यात आधी मोजके स्नॅप, म्हणजे थोडेच डाव. बारावीचा अर्धा हंगाम हातून जाईल. कॉलेजच्या प्रशिक्षकांना पाठवायला जखमेआधीचे व्हिडिओ आत्ताच नीट कापून ठेवा आणि दुखापत लपवू नका, त्यांचे डॉक्टर ती शोधतातच.

पुण्याच्या भाऊजींचं म्हणणं चुकीचं नाही. पुण्यामुंबईत हे काम उत्तम करणारे सर्जन आहेत आणि खर्च खरंच कमी येतो. मुलगा पुण्यात राहत असता तर मी त्यांच्याच बाजूने उभी राहिले असते. पण शस्त्रक्रिया तासा-दोन तासांची आणि फिजिओ नऊ महिन्यांचा. तो शाळेजवळच व्हायचा, तर मधल्या नाजूक आठवड्यांत समुद्रापार प्रवास कशाला? काही बिघडलं तर फ्रिस्कोतल्या सर्जनला दुसऱ्याने केलेला गुडघा नव्याने समजून घ्यावा लागेल, आणि सगळे तसा हातात घेत नाहीत.

लग्नाचं. ठरल्या तारखेला शस्त्रक्रिया झाली तर डिसेंबरात त्याला चार-पाच आठवडे झालेले असतील. मेनिस्कस शिवलं असेल तर ब्रेस आणि कुबड्या सुटायच्या बेतात, कदाचित सुटलेल्याही नसतील. वीस तास गुडघा वाकवून बसणं, रक्ताच्या गाठीचा धोका, आणि आठवड्यातून दोन-तीनदा होणारा फिजिओ दोन-तीन आठवडे बंद. लग्नासाठी शस्त्रक्रिया जानेवारीवर ढकलावी असंही कुणी सुचवेल. तेही नको. एसीएल नसलेला गुडघा सटकत राहतो आणि प्रत्येक सटकण्यात शिवता येण्याजोगं मेनिस्कस न शिवता येण्याजोगं होत जातं. तुम्ही लग्नाला जा, मिस्टर मुलापाशी थांबू देत. तसंही लॉस एंजेलिसच्या हॉटेलाचे दिवस त्यांनी मनात राखून ठेवलेच होते. दोघांची तिकिटं रद्द करताना सर्जनचं पत्र जोडा, काही विमान कंपन्या वैद्यकीय कारणावर तारीख बदलून देतात, आणि क्रेडिट कार्डाचा प्रवास विमा असेल तर तोही तपासून घ्या.